मालक १००४

ओउलूच्या नदीमोजणी कचेरीत शेवटचा आठवडा.
खुर्च्या गेल्या, कॉफीचं यंत्र गेलं,
उरली हिल्का, एक घरघरणारा पंखा
आणि एकेचाळीस हिवाळ्यांच्या बर्फाची जाडी,
सेंटिमीटरमध्ये.

हे सगळं हेलसिंकीला धाडायचंय,
एका गाठोड्यात.

काळ्या पडद्यावर ती लिहिते: टार.
इंग्रजीत याचा अर्थ डांबर,
आणि या गावाला डांबर नवं नाही.
पाइनच्या खोडांतून ठिबकलेलं, पिंपांत भरलेलं,
लांबट होड्यांतून याच नदीनं खाली यायचं,
मग कुठल्या कुठल्या समुद्रांवर
जहाजांच्या फटी बुजायच्या.
हिल्काला ठाऊक आहे, या टारचं त्याच्याशी नातं नाही,
हा फितीच्या रिळांवरून आलेला.
तरी ती एकदा बोटं हुंगते.

शिकवलं तौनोनं.
"सी म्हणजे बांध. एक्स म्हणजे सोड.
एफच्या मागोमाग गाठोड्याचं नाव,
मध्ये कुणाला घुसू देऊ नकोस.
व्ही लावलंस तर तो मोठ्यानं मोजत जातो,
आई बटाटे मोजायची तसा.
आणि डोळ्यांवर झोप असेल तर टी.
टीनं काही बिघडत नाही.
टी नुसतं बघतं."
एरवी दिवसाला अकरा शब्द बोलणारा माणूस.
झोपेचं का म्हणाला, ते तिनं तेव्हा विचारलं नाही.

आज रात्री एकेक वर्ष टीनं बघताना
एक्क्याण्णवचं गाठोडं रिकामं निघालं.
दहा हजार दोनशे चाळीस बाइट, सगळी शून्यं.
शेवटचा हात लागला तो
अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात, पहाटे तीन बाराला.

काहीच न देता बांध म्हटलं
तर टार भित्रेपणानं नकार देतो,
पडद्यावर शब्दही तोच येतो, भित्रेपणानं.
पण एखादं नाव दिलं, हजर नसलेलं का होईना,
की त्याची भीती जाते.
तौनोला एप्रिल महिना सोडवायचा होता.
बोट एक्सऐवजी सीवर पडलं.
एप्रिल बाहेर नव्हताच, तो आत होता,
आणि आत आता काही नव्हतं.

शेजारी एक साधी फाइल: "१९९१, आठवणीतून".
बासष्ट सेंटिमीटर? अठ्ठावन्न?
पंचावन्न, बहुतेक?
पानभर आकडे, प्रत्येकाच्या शेपटीला प्रश्नचिन्ह.
फक्त एका ओळीला नाही:
३ मे, बर्फ सुटला.

हे त्याला कसं पक्कं आठवलं,
हे विचारायला तो आता
फोन उचलेल अशा ठिकाणी नाही.

हिल्कानं शून्यंही बांधली.
प्रश्नचिन्हंही बांधली.
टारनं वाटांच्या सुरुवातीची तिरकी रेघ तेवढी कापली,
म्हणजे गाठोडं कुठेही सोडता येतं,
परक्या घरातसुद्धा.

मंगळवारी हेलसिंकीहून ओत्सोचा फोन.
आवाजावरून तेवीस-चोवीसचा असावा.
"सगळं आलं. तारखाही जुन्याच राहिल्यात, छान.
पण मालकाच्या रकान्यात नुसता आकडा दिसतोय,
एक हजार चार. हा कोण?"

"तुमच्या यंत्रावर त्या नावाचं कुणी राहत नाही,
म्हणून आकडा."

"मग माझं नाव घालून टाकू?"

हिल्का भिंतीवरच्या खिळ्याकडे बघते,
तिथे परवापर्यंत नदीचा नकाशा होता.
"गाठोडं टाकून नाही ना दिलंस?
टी कर. व्ही जोडून."

कळांचा आवाज. मग तो वाचू लागतो,
आधी घाईनं, मग सावकाश:
तौनो, तौनो, तौनो,
हिल्का, तौनो, तौनो...

ती त्याला थांबवत नाही.
अजून एक्क्याण्णव यायचंय.